इंद्रायणीबाईंचे निर्मळ पाय

गुरुवार म्हणजे चाकण-भोसरीकडच्या कंपन्यांची सुट्टी. गुरुवार म्हणजे गुरूचाही वार. आणि त्या गुरुवारी चाकणच्या मैदानात जलयोगी चिमाजी महाराजांचा चमत्कार, तोही फुकट. मग काय विचारता राव! मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. रात्रपाळी करून थेट आलेली पोरं, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, गुडघे धरून बसलेली म्हातारी माणसं, सगळ्यांच्या माना व्यासपीठाकडे लागलेल्या.

व्यासपीठावर एक कुंड होतं. दिसायला दगडी, पण होतं फायबरचं. रंगवणाऱ्याचा रंग एका कोपऱ्यात संपला असावा, तिथून निळं डोकावत होतं. कुंडात स्वच्छ पाणी आणि पाण्यात दोन बाजूंना उभे केलेले दोन लोखंडी त्रिशूळ, एक शिवाचा, एक शक्तीचा. महाराजांनी त्यात ओंजळभर मीठ सोडलं आणि त्याला ‘समुद्राचं तेज’ म्हटलं. हे तेज किराणा दुकानात किलोवर मिळतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

"कोण आहे रे दुखणेकरी? ये बाळा, वर ये!"

कंपनीच्या शर्टातला एक किडकिडीत पोरगा वर गेला. अंगात कणकण असते, भूक लागत नाही, असं काहीतरी पुटपुटला. महाराजांनी त्याचे पाय कुंडात सोडायला लावले.

"विष! विष आहे तुझ्या देहात! हवेचं विष, केमिकलचं विष, टपरीवरच्या वड्याचं विष! डॉक्टर म्हणतात टॉक्सिन, टॉक्सिन. पण काढता येतं का त्यांना? ते फक्त बिल काढतात!"

मांडव खो खो हसला. महाराजांचा चेला बंटी मोरपिसांचा कुंचा घेऊन कुंडाशेजारी आसनावर मांडी घालून बसला होता. तो जरा सरकून बसला, टाळ वाजू लागले, भजन सुरू झालं. आणि खरंच सांगते लोकहो, पाणी बदलायला लागलं! आधी पिवळसर झालं, मग तांबूस, मग काढ्यासारखं तपकिरी, आणि वर घाणेरडा फेस.

"पायाला मुंग्या येतात का रे?"

"येतात महाराज!"

"ते विष निघतंय!"

बाया हात जोडून रडायला लागल्या. दुसऱ्या रांगेत बसलेली इंद्रायणी मात्र कुंड सोडून शेजारी बघायला लागली. कारण तिच्या शेजारी बसले होते दादासाहेब, आणि दादासाहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

थोड्या वेळाने महाराजांनी पाणी बदलून खुद्द दादासाहेबांना वर बोलावलं. त्यांचे पाय पाण्यात, तेच भजन, तेच टाळ. पाणी काही बदललं नाही, काचेसारखं स्वच्छ राहिलं. "साक्षात गंगा!" महाराज ओरडले. "दानधर्म करणाऱ्या माणसाच्या देहात विष थांबतच नाही!"

इंद्रायणीने मान खाली घातली. दादासाहेबांना जुनी शुगर आहे, जेवणाआधी ते पोटाला सुई टोचून घेतात, हे तिने त्यांच्याच घरात पाहिलं होतं. गरीब पोराचं पाणी काळं आणि मोटारीतून आलेल्या माणसाचं पांढरं. पाणी रक्त बघत नव्हतं, माणूस बघत होतं. पण हे बोलायचं कुणाजवळ? ज्यांच्याजवळ बोलायचं ते तर गंगा होऊन बसलेले.

आता हे दादासाहेब कोण आणि इंद्रायणी कोण, ते सांगते. दादासाहेब रावेतचे. एक्स्प्रेसवे आला, बिल्डर आले, शेताचे टॉवर झाले. पण माणूस दिलाचा मोठा. गावठाणातल्या त्यांच्या इमारतीचा तळमजला त्यांनी एका संस्थेला बिनभाड्याने दिला होता. संस्थेचं नाव ‘ओसरी’. एचआयव्हीमुळे ज्यांचं घर मोडलं अशा आयांची मुलं तिथे राहायची, शाळेत जायची, पोटभर जेवायची. आया चाकणला, चिखलीला कंपन्यांत कंत्राटावर राबायच्या आणि गुरुवारी भेटायला यायच्या. इंद्रायणी तिथली ताई. स्वयंपाक, अभ्यास, दवाखाना, रात्रीचा ताप, सगळं तिच्याच गळ्यात.

गावाला वाटायचं, ओसरीतल्या प्रत्येक मुलाला तो रोग आहे. तसं नव्हतं. काहींना होता, काहींना नव्हता, कारण त्यांच्या आयांनी पोटुशी असतानाच औषध घेतलं होतं. कुणाला आहे आणि कुणाला नाही हे त्या त्या आईशिवाय फक्त इंद्रायणीला आणि डॉक्टरांना ठाऊक. तिने प्रत्येक आईला शब्द दिला होता: जीव गेला तरी हे माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. आणि हा शब्द मोठा अवघड होता बरं का. ‘ह्याला नाही’ असं एकाबद्दल म्हटलं की ‘त्याला आहे’ हे आपोआप म्हटल्यासारखं होतं. म्हणून ती दोन्ही म्हणायची नाही.

आणि तिचं स्वतःचं? तिलाही होता. नवऱ्याकडून आलेला. नवरा कावीळ होऊन गेला, असं माहेरी सांगितलं होतं. देहूरोडला भाऊ रंगराव होता, भावजय होती, सणासुदीला तिचं पान त्यांच्या पंक्तीत असायचं. ती रोज एक गोळी घ्यायची. भावजयीला वाटायचं बीपीची असेल. हे घर सुटलं तर तिला दुसरं नव्हतं.

चाकणहून परतताना गाडीत दादासाहेब म्हणाले, "ताई, पुढल्या गुरुवारी आपल्या अंगणात कुंड लावायचं. समद्या पोरांचं पाय त्यात. एकदाचं कल्याण होऊन जाऊ द्या."

"दादासाहेब, मुलांना औषधं चालू आहेत. तब्येती बघा की, कशी गुटगुटीत झालीत."

"औषधं व्हय! ती जल्मभर घ्यायची. ह्यो माणूस एका दमात काढतोय. आन् महाराज म्हनले, कुंडात पाय गेलं की गोळ्या पवना नदीत सोडायच्या. समदंच विसर्जन."

इंद्रायणी सरळ होऊन बसली. "गोळ्या बंद केल्या तर रोग उसळतो, दादासाहेब. मग जुन्या गोळ्या पुन्हा लागू पडतीलच असं नाही. लेकरं हाताबाहेर जातील."

"तुमचा इस्वास न्हाई."

"आणि चारचौघांत कुणाचं पाणी काळं झालं, तर त्या पोरावर शिक्का बसेल. शाळेत कोण बसू देईल त्याला?"

दादासाहेबांनी खिडकीची काच वर केली. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, मी वाईट माणूस न्हाई. पर ह्यो माझ्या घरचा कार्यक्रम हाय. तुमी नगं म्हनला तर मग ही जागाबी माझ्याच्यानं ठेववायची न्हाई. बिल्डर दोन वर्सं मागं लागलाय."

झालं! आता काय बोलणार? हो म्हणावं तर मुलांची औषधं नदीत, नाही म्हणावं तर मुलं रस्त्यावर. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये इंद्रायणी.

तिने महापालिकेच्या शाळेतल्या जयदीप सरांना गाठलं. ओसरीची मुलं त्यांच्याच वर्गात विज्ञान शिकायची. सर ऐकताक्षणी उसळले. "सरळ पोलिसांत जाऊ. जादूटोणाविरोधी कायदा आहे आपल्याकडे!"

"सर, पोलीस आले की मोबाइल काढून सगळे येतील. दाराशी गर्दी, मुलांचे फोटो. आणि दादासाहेबांना अटकाव केला म्हणून संध्याकाळच्या आत आमचं सामान बाहेर. वर्षाच्या मध्यात कुठल्या शाळेत घालू मी त्यांना?"

"मग मला फक्त ते कुंड जवळून बघू द्या. भानगड त्या कुंडातच आहे. ती सापडली की तिथल्या तिथे उघडी पाडतो."

एवढाच काय तो आधार होता. त्यावर तिने तो आठवडा ढकलला.

पण खरा घाव पुढेच होता. बुधवारी पूनम आली. पूनम बीडकडची, चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला. तिची मुलगी सायली ओसरीत राहायची. पूनमने फळीवरून सायलीच्या गोळ्यांची बाटली उचलली आणि हातात घट्ट धरली.

"ताई, मी उद्या ही बाटली महाराजांच्या टोपलीत टाकणार हाय."

"पूनम, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"ठिकाणावर हाय म्हणूनच! किती वर्सं लपवू? खोलीमालकीण इचारते पोरगी होस्टेलला कशापायी, लाइनवरच्या बाया डबा खाताना इचारतात. मपल्या लेकराला मी जवळ ठिवू शकत न्हाई. एकदा पाणी काळं झालं आन् रोग गेला, की मी तिला घेऊन गावाकडं जाईन. पिठलं-भाकर खाऊ पर संगं राहू."

"रोग जाणार नाही गं. गोळी बंद केलीस तर सायली आजारी पडेल."

"तुमाला काय कळायचं ताई? तुमाला थोडाच झालाय!"

इंद्रायणीच्या ओठावर आलं होतं. खरंच आलं होतं. पण रंगराव, भावजय, भाचरं, दिवाळीचं पान, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि तिने ओठ मिटले. पूनम निघून गेली. इंद्रायणीला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

गुरुवार उजाडला. अंगणात मांडव, लाउडस्पीकर, रांगोळी, बुंदीचा घमघमाट. सगळं रावेत लोटलेलं. तिसऱ्या रांगेत रंगराव! दादासाहेबांनी अगत्याने बोलावलेलं. बहिणीच्या संस्थेचा एवढा मोठा कार्यक्रम म्हणून तो बायकोला घेऊन नवा शर्ट घालून आला होता. कुंडापुढे वेताची टोपली ठेवलेली. आया खाली मान घालून येत होत्या, पदराआडून बाटली हळूच टोपलीत सोडत होत्या. पूनमनेही टाकली. टोपलीला फुलांचा हार घातलेला! अहो, लेकरांच्या जिवाला हार घालून नदीत सोडायची ही तयारी.

जयदीप सर व्यासपीठाच्या पायऱ्या चढले. बंटी आडवा आला. "वर फक्त दीक्षा घेतलेले. चला भाऊ, खाली."

"मला फक्त कुंड बघायचं आहे."

"दादासाहेब!" महाराजांनी नुसती हाक मारली. दादासाहेबांनी डोळे वटारले आणि दोन तरण्याबांड पोरांनी सरांना धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. सरांनी इंद्रायणीकडे पाहिलं आणि हात हलवून नाही म्हणून सांगितलं. तो एक आधार होता, तोही गेला.

मुलं रांगेत उभी केलेली. पहिली सायली. दोन वेण्या, फ्रॉकचा घोळ मुठीत धरलेला, चेहरा पांढराफटक. तिला एवढंच कळत होतं की आता सगळे आपल्या पायांकडे बघणार. महाराजांनी मीठ सोडलं. सायलीने पाय उचलला.

"थांबा!"

इंद्रायणी कधी व्यासपीठावर चढली ते तिचं तिलाही कळलं नाही. तिने सायलीला मागे घेतलं आणि मांडवाकडे तोंड केलं.

"बायांनो, लेकराला न्हाऊ घालताना पाणी आधी कोण बघतं?"

"आई!" बायांनी एका सुरात उत्तर दिलं. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

"पोळतंय का, गार आहे का, आधी स्वतःचा हात घालून बघते की नाही? मग ही लेकरं माझ्या ओसरीतली. आधी माझे पाय पाण्यात जातील, मग त्यांचे."

"रास्त हाय," दादासाहेब म्हणाले. "महाराज, ताईंचं पाय आधी."

महाराजांनी तिला खालून वरपर्यंत पाहिलं. इस्त्रीची साडी, भरलेला चेहरा, संस्थेची ताई. ते खूश झाले. आधी एक स्वच्छ कुंड दाखवलं की मागून मुलांचं काळं पाणी जास्त उठून दिसतं, हा त्यांचा हिशेब. "या माउली," ते म्हणाले, "सेवेकऱ्याचे पाय!"

ती बसली. पाणी गार होतं. टाळ सुरू झाले. हाताच्या अंतरावर बंटी कुंचा हलवत बसलेला. समोर रंगराव मोबाइल उंच धरून बहिणीचं शूटिंग घेत होता. त्याला काय अभिमान वाटत होता! अजून उठून जाता येईल, असं तिला वाटलं. कुणाला काही कळणार नाही, आपलं घर शाबूत राहील. मग तिची नजर त्या हार घातलेल्या टोपलीवर गेली आणि ती बसून राहिली.

भजन संपलं. पाणी जसंच्या तसं.

"बघा!" महाराज गरजले. "निर्मळ! या माउलीच्या देहात विषाचा कण नाही! रोगाची सावली नाही! हे पाणी तीर्थ म्हणून घ्या!"

दोन-तीन बाया खरोखर पुढे येऊन तिच्या पावलांना हात लावू लागल्या.

"महाराज, नीट बघितलंत ना?" इंद्रायणीने विचारलं. "कसलाच रोग नाही?"

"चिमाजीचं कुंड खोटं बोलत नाही!"

"माइक द्या जरा."

तिने माइक दोन्ही हातांनी धरला, माइकवर बांगड्या वाजल्या.

"मला एचआयव्ही आहे," ती म्हणाली. "नवऱ्याकडून आलेला. नवरा काविळीने गेला असं मी सांगत आले, ते खोटं होतं. मी चौदा वर्षं रोज सरकारी दवाखान्यातली गोळी घेते. डॉक्टर सांगतात, रोग अंगात आहे, पण गोळीने दाबून ठेवलाय. म्हणून मी धडधाकट आहे. आणि महाराजांचं कुंड म्हणतंय, रोगाची सावलीही नाही. जे पाणी माझ्यातला रोग ओळखत नाही, ते या लेकरांबद्दल काय सांगणार?"

पावलांवर ठेवलेले हात चटका बसल्यासारखे मागे गेले. रंगरावाचा मोबाइल खाली आला. भावजयीने पदर तोंडाला लावला. इंद्रायणीने ते सगळं पाहिलं, आणि पाहूनही ती बसून राहिली.

पण चिमाजी महाराज काय कच्च्या गुरूचा चेला होता? त्याने दोन्ही हात वर केले. "जय हो! अरे मूर्खांनो, कळलं का? रोग होता! होता! माझ्या दर्शनानेच जळून खाक झाला! म्हणून तर पाणी निर्मळ! प्रत्यक्ष प्रमाण! यापेक्षा मोठा चमत्कार कुठला?"

"चिमाजी महाराज की जय!" मांडव हादरला. पूनम तर नाचायचीच बाकी राहिली. "ताई बऱ्या झाल्या! ताई बऱ्या झाल्या!"

इंद्रायणीला वाटलं, संपलं. आपण आयुष्यभराचं गुपित उघड्यावर टाकलं आणि हा माणूस तेही गिळून ढेकर देतोय. आता मुलं गेलीच, गोळ्या गेल्याच, आणि आपणही गेलो.

तिने घाबरून आजूबाजूला पाहिलं आणि बंटी दिसला. सगळा मांडव उभा राहून नाचतोय, आणि महाराजांचा पट्टशिष्य मात्र आसनाला चिकटून बसलेला! चाकणला तो पोरगा बसला तेव्हा हा बंटी सरकला होता. दादासाहेब बसले तेव्हा सरकला नव्हता. आत्ता आपण बसलो तेव्हाही नाही.

"महाराज," ती माइकवरून म्हणाली, "म्हणजे मी आता बरी झाले?"

"पूर्ण बरी!"

"अंगात विष राहिलं नाही? आता हे पाणी काळं होणार नाही?"

"कल्पांतापर्यंत नाही!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" आणि तिने वाकून बंटीच्या आसनाचं टोक धरून खसकन ओढलं.

बंटी कलंडला. खाली एक बटण होतं, टेबलावरच्या दिव्याला असतं तसं साधं, काळं. त्याची वायर गालिच्याखालून कुंडाकडे गेलेली. "ए बाई, हात लावू नको!" बंटी ओरडला, पण तोवर जयदीप सर उडी मारून वर आले होते. "ताई, दाबा!"

तिने दाबलं. पायाला बारीक मुंग्या आल्या. महाराज लगबगीने पायऱ्यांकडे निघाले, तर दादासाहेब वाटेत उभे. "बसा महाराज," ते म्हणाले. आवाज शांत होता, पण महाराज बसले. "पानी बघू द्या."

सगळे बघत राहिले. ना भजन, ना टाळ. त्रिशूळांच्या दांड्यांपाशी बुडबुडे यायला लागले, पाणी पिवळं झालं, मग तांबूस.

"अहो महाराज, मी तर बरी झाले होते!" इंद्रायणी म्हणाली, आणि मांडवात कुणीतरी फस्सकन हसलं. मग तिने दोन्ही पाय पाण्याबाहेर काढले, पदराने पुसले आणि उठून उभी राहिली. कुंडात कुणाचेच पाय नव्हते. पाणी आपलं गडद होतच राहिलं, काढ्यासारखं तपकिरी झालं, वर फेस आला.

"आता हे विष कुणाचं निघतंय?" तिने विचारलं.

जयदीप सरांनी कुंडाभोवतीची झालर वर केली. आत रिक्षाची असते तसली बॅटरी, तिच्या दोन वायरी दोन त्रिशूळांना जोडलेल्या. "हा गंज आहे," सर म्हणाले. "मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते. दोन लोखंडांना बॅटरी जोडली की त्यातलं एक लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. पाय असोत, नसोत, बटाटा असो. बटण दाबलं की पाणी काळं, नाही दाबलं की गंगा. चाकणच्या त्या पोराच्या अंगातून काही निघालं नाही. त्रिशूळ झिजला, एवढंच."

"मंजे माझं पानी सोच्छ राह्यलं ते…" दादासाहेबांनी विचारलं.

"बटण दाबलं नव्हतं."

"तरीच! मला तर शुगर हाय!" दादासाहेब भर मांडवात बोलून गेले. लोक हसले, आणि जरा वेळाने तेही ओशाळून हसले.

सरांनी फोन केला, पोलीस आले, महाराजांना आणि बंटीला घेऊन गेले. टोपली तशीच राहिली. आया कोपऱ्यात उभ्या होत्या, पण पुढे कुणी येईना. येणार कशी? टाकताना पदराचा आडोसा होता; आता आपली बाटली शोधून उचलली की सगळ्यांना कळणार. एक तरणा पोरगा मदत करावी म्हणून बाटल्यांवरची नावं वाचायला वाकला, तशी दादासाहेबांची बायको विमलबाई ताडकन उठली. "ठेव ती खाली! नावं वाचायचं तुला काय कारन?" तिने हार काढून फेकला, टोपलीवर आपल्या अंगावरची शाल टाकली आणि टोपली उचलून ओसरीच्या आतल्या खोलीत नेऊन ठेवली. "ताई, कुनाची कुठली ते तुमी बघा. आमाला कळायला नगं."

दादासाहेब मात्र अजून घुटमळत होते. शेवटी त्यांनी विचारलंच. "ताई, राग मानू नका. आमच्या लेकीच्या लग्नात पुरनपोळ्या तुमीच केल्या."

"हो."

"आमी समद्यांनी खाल्ल्या. आन् तुमाला तवाबी…"

"तेव्हाही होता."

दादासाहेबांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"मग काय झालं तुम्हाला?" इंद्रायणीने विचारलं.

त्यांनी मनापासून विचार केला. "काय न्हाई," ते म्हणाले. "चांगल्या झालत्या पोळ्या."

"एका ताटात जेवल्याने होत नाही, दादासाहेब. हात धरल्याने होत नाही, एका शाळेत बसल्याने होत नाही. हे मी तुम्हाला भाषणात सांगितलं असतं तर पटलं नसतं."

जागा राहिली. संध्याकाळी पूनम आतल्या खोलीत आली. "ताई, तुमाला थोडाच झालाय म्हनले मी," एवढंच बोलली आणि इंद्रायणीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. सायलीची बाटली तिने पदरात बांधून नेली नाही. तिथेच फळीवर ठेवली, आणि सायलीने वेळेवर गोळी घेतली.

सगळं गोड झालं म्हणून सांगेन, तर मीही महाराजांच्याच पंक्तीत बसेन. रंगराव त्या दिवशी न भेटता निघून गेला. पुढच्या आठवड्यात एका टेम्पोवाल्याने भावाच्या घरी असलेली इंद्रायणीची ट्रंक ओसरीच्या दारात आणून ठेवली. सोबत निरोप नव्हता. ती स्वयंपाकघरात दार लावून खूप रडली. सख्ख्या भावाच्या डोक्यातला गंज काढायला कुठलं बटण असतं? ती दर गुरुवारी त्याला फोन करते. तो अजून उचलत नाही. ती करायची थांबलेली नाही.

आता गुरुवारी ती आयांबरोबर चाकणला, चिखलीला, कामगारांच्या चाळींत जाते. सोबत एक बादली, मीठ, दोन लोखंडी सळ्या आणि जयदीप सरांच्या स्कूटरची जुनी बॅटरी. पाणी काळं करून दाखवते, आणि जमलेल्या बायांना जे सांगते तेच मी तुम्हाला सांगते. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, ते रोज घ्या. त्याने रोग जात नाही, पण माणूस जगतो, म्हातारा होतो, नातवंडं बघतो. आणि कुणी पाण्याचा रंग दाखवून गोळ्या सोडायला सांगितल्या, तर भांडू नका, घाबरू नका. आपले पाय बाहेर काढा आणि म्हणा, महाराज, आता रिकामं कुंड चालवून दाखवा.